मागच्या भिंतीची पिशवी

हे तुम्हाला पटणार नाही. पैज लावतो. या बुधाजीच्या तोंडून निघालेली कोणती गोष्ट आजवर कोणाला पटली आहे, की ही पटेल? पण कापसानं घर उचललेलं मी पाहिलं आहे. आतून दाबून दाबून कापसानं आढं वर ढकललं, कौलं वीतभर उचलली, आणि त्या फटीतून सातपुडा दिसायला लागला. ज्याला पटत नसेल त्यानं पुढं वाचू नये, बैलं पाण्यावर न्यावीत.

हिवरखेडच्या अलीकडे आमचा फाटा. फाट्यावर नसीमबानोची चहाची टपरी. थंडीचे दिवस होते, अकोटची गाडी काही येत नव्हती, आणि आमच्या शाळेवर नवीनच आलेले मास्तर बाकावर बसून सारखे रस्त्याकडे पाहत होते. असा अडकलेला माणूस दिसला की माझी जीभ वळवळते.

"मास्तर, तुमच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर हाय का?"

"नाही ना," मास्तर म्हणाले. "गणिताचे सर घेतात तो तास. पोरं त्रिकोणच काढत बसतात."

"मंग तुमाले एका चित्र काढनाऱ्या पोट्टीची गोष्ट सांगतो. या नसीमबानोची पोरगी, गजाला. खोटं बोललो त हे बसली समोर. गाळनी फेकून मारंल."

नसीमबानो स्टोव्हला पंप मारत हसली. "सांगा आबाजी, सांगा. गाडी आज काई लवकर येत नाई."

मग मी सुरू केलं. आता घरात त्यांची बोली निराळी, हिंदी-मराठी एकाच पातेल्यात शिजलेली, पण मला आपलीच येते. म्हणून सगळे माझ्याच बोलीत बोलतील.

नसीमबानोचा नवरा अन्सार, त्याचा बाप पिंजारी होता. खांद्यावर ती कमानीसारखी पिंजण घेऊन गावोगाव फिरायचा, आणि गल्लीच्या तोंडाशी आला की तिच्या ताणलेल्या तांतेचा आवाज आधी यायचा, माणूस मागून. त्याच्या कानांच्या लवेवर कायम कापूस. गाद्या भरायच्या मशिनी आल्या तसं ते काम बसलं. अन्सारनं पिंजण आढ्याला टांगली आणि कोरडवाहू वावरात कापसाची पऱ्हाटी पेरायला लागला. नसीमबानो मात्र गाद्या आणि गोधड्या शिवत राहिली. गादीच्या कापडावर टाके कुठून कुठं घालायचे त्याच्या रेघा आधी निळीनं आखाव्या लागतात. त्या रेघा आखायला तिनं गजालाला बसवलं. पोरगी तेव्हा एवढीशी. चार दिवस सरळ रेघा मारल्या तिनं, पाचव्या दिवशी गादीवर बकरी काढली.

"मंग?" मास्तरांनी विचारलं.

"मंग काय! गिऱ्हाईक म्हने, मले बकरीवर झोपाचं नाई. तेवढी गादी घरीच राह्यली."

"खरं हाय," नसीमबानो म्हणाली. "अजूनबी हाय."

तिथून पोरीचा हात सुटला. गेरू, हळद, काजळी, निळीची पुडी, जे सापडेल त्यानं काढायची. बकरीच्याच शेपटीचे केस काडीला बांधून कुंचला. एकदा तिनं ज्वारीच्या कोठीवर कोंबडी काढली. उकरत असलेली, एक पाय वर. शेजारच्या गंगूबाईचा कोंबडा आला तो तिच्यासमोर येऊन बसला. दाणा खाईना, पाणी पिईना. आरवायचं ते तिच्याकडे तोंड करून आरवायचा. शेवटी गंगूबाई भांडायला आली, की तुमच्या पोरीनं माझ्या कोंबड्याचं घर बिघडवलं, एक तर ती पुसा नाहीतर लगन लावून द्या.

मास्तर खो खो हसले. "काहीतरीच!"

"इचारा तिले."

"पुसा लागली कोंबडी," नसीमबानो गंभीर चेहऱ्यानं म्हणाली. "म्याच पुसली. कोंबडा मंग दोन दिस मले चोचा मारे."

असा साक्षीदार जवळ असला की गोष्ट सांगणाऱ्याला पंख फुटतात.

हिवरखेडच्या हायस्कुलात उत्तमराव म्हणून चित्रकलेचे सर होते. सायकलीच्या हँडलला पाण्याची बाटली आणि कॅरिअरला ड्रॉइंग बोर्ड. त्यांनी गजालाला हेरलं. एलिमेंटरीला बसवलं, मग इंटरमिजिएटला. अकोटला परीक्षेला नेताना स्वतःची रंगपेटी दिली. दोन्ही परीक्षांत पोरगी वरच्या श्रेणीत. सर अन्सारला म्हणाले, "भाऊ, हिला बारावीनंतर अमरावतीला पाठवा. चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा आहे. माझी नोकरी आता थोडी राहिली. या भागात माझ्यामागं खडू धरणारं कोणी असावं असं मला वाटतं."

अन्सारनं ते गावभर सांगितलं. सलूनमध्ये सांगितलं, मशिदीच्या ओट्यावर सांगितलं, पोस्टमनला थांबवून सांगितलं. "आमच्या सात पिढ्यांत पयली पोरगी मास्तरीन होऊन राह्यली," असं म्हणायचा, आणि मग माझ्याकडे पाहून, "आबाजी, हे तुमी वाढवून सांगू नका बरं. हे असंच खरं हाय."

तिची चित्रं एका पिशवीत असायची. गादीच्या पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची मोठी सपाट पिशवी, आईनंच शिवलेली, आत दोन बाजूंना पुठ्ठे. त्यात ड्रॉइंगचे कागद, सिमेंटच्या पोत्याचे कागद, कॅलेंडरच्या पाठी. फुलदाणी नाही, डोंगरामागचा सूर्य नाही. निंदणाऱ्या बायांच्या पाठी होत्या. गाडीची वाट पाहणारी माणसं होती. त्यात मी पण होतो, तोंड उघडं. आणि एक चित्र तिच्या आज्याचं होतं. म्हातारा कधी फोटोला उभा राहिला नाही. तो गेल्यावर दोन वर्षांनी पोरीनं आठवणीतून काढला, उकिडवा बसलेला, पुढं पिंजण, कानाच्या लवेवर कापूस. अन्सारनं ते भिंतीला लावू दिलं नाही. "बापाच्या डोयासमोर मले बिडी ओढता येत नाई," म्हणाला. पण कधीमधी पिशवीतून काढून पाहायचा. पाहून झालं की हात पुसायचा, जसा काही कागदाला नाही, माणसालाच हात लावला.

पिशवी मागच्या खोलीत, मागच्या भिंतीला खुंटीवर.

आता ते साल. त्या साली कापूस पिकला, तीच गडबड झाली. नाही पिकला तर माणूस रडून मोकळा होतो. दिवाळीच्या आधी पहिला वेचा आला तेव्हा भाव असा पडलेला, की ऐकून माणसं पुन्हा विचारायची. अन्सार म्हणाला, थांबू. सगळेच म्हणाले, थांबू. संक्रांतीला चढेल. आणि जो तो कापूस घरात भरायला लागला.

कापूस भरणं म्हणजे नुसता ओतणं नाही, मास्तर. तो तुडवावा लागतो. भरायचा, तुडवायचा, पुन्हा वर भरायचा. आणि तुडवायला माणूस हलका लागतो, कारण ढीग आढ्याला टेकत आला की वर वाकून जायला जागा तेवढीच. अन्सारच्या घरात हलकं माणूस एकच. गजाला फडकं तोंडाला बांधून वर चढायची आणि कौलांना डोकं लावून दिवसभर नाचल्यासारखी पाय मारायची. उतरली की भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. खालून नसीमबानोनं सांगितलं होतं, "अवं, ते पिशवी त काहाड आधी."

अन्सार म्हणाला, "राहू दे. कापसापेक्षा जपनारं काई हाय का दुनियेत?"

पिंजाऱ्याच्या घरची ती समजूत. बांगड्या कापसात, अंडी कापसात, अत्तराची कुपी कापसात, कमी दिवसांचं पोर जन्मलं तर तेही कापसात. अन्सारला स्वतःलाच त्याच्या बापानं कापसात गुंडाळून जगवला होता. बापाचं चित्र कापसात राहील, याच्याहून चांगलं काय? गजालाही हसली. दोनेक महिन्यांची तर गोष्ट. आणि तिनं आपल्याच पायांनी पिशवीवर कापूस तुडवला.

संक्रांत गेली. होळी गेली. भाव चढायच्या ऐवजी खाली बसला. गावात घराघरात माणसं बाहेर आणि कापूस आत. आमच्या घरातलं मांजर अन्सारच्या कापसात शिरलं ते संक्रांतीला, आणि बाहेर आलं होळीला, मागं चार पिल्लं घेऊन. चारी पांढरी. मांजर काळं.

"चार नाई, तीन," नसीमबानो म्हणाली.

"तीन?"

"तीन पिल्लं होती आबाजी. चार नका सांगू."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती चहा गाळत होती. बोलताना तिनं डोळा मारला नाही, की हसली नाही. तिला माझ्या गोष्टीत खोट चालत नाही.

पण खाज खरी होती. कापूस असा कोंडून राहिला की त्यात बारीक किडे होतात, डोळ्याला न दिसणारे. अंगावर लाल गांध्या उठतात. अन्सारचं घर ओसरीवर निजायचं आणि झोपेत खाजवायचं. नसीमबानो कडुलिंबाचं पाणी उकळून सगळ्यांच्या पाठीवर ओतायची. गजालाला बारावीचं वर्ष, तेल्हाऱ्याला जावं लागायचं. गाडीत ती बसली की शेजारची बाई उठायची. एकदा एका बाईनं कंडक्टरलाच सांगितलं, "या पोट्टीले खरूज हाय, इले मांगं उभी करा." गजाला तेल्हाऱ्यापर्यंत उभी गेली, दोन्ही हात दांडीला धरून, म्हणजे खाजवायचा मोह नको. शाळेच्या वाटेवर तिच्या वेणीतला कापूस उचलायला चिमण्या मागं लागायच्या. त्या साली आमच्या गावातल्या सगळ्या चिमण्यांची घरटी गजालाच्या डोक्यावरच्या कापसाची.

"चिमण्या खऱ्या," नसीमबानो हळू म्हणाली. पण या वेळी तिनं वर पाहिलं नाही.

माघातली एक गोष्ट मध्येच राहिली, ती सांगतो. गोवर्धनशेठ नावाचा व्यापारी होता. त्यानं निरोप पाठवला, उद्या गाडी घेऊन येतो, कापूस पाहतो. त्या दिवशी दिवस बुडता बुडता मी पाटावरून येत होतो, तर अन्सार घराच्या मागच्या बाजूनं कौलांवर चढलेला. खाली दोन घागरी.

"काय करून राह्यला रे?"

"कौलं बशवून राह्यलो आबाजी. कापसानं उचलली."

मी पुढं गेलो. मास्तर, तुम्ही शाळेतले, तुम्हाला सांगतो. व्यापारी आला की काटा मारतो, हे त्याला माहीत आणि आपल्यालाही माहीत. म्हणून वजनाला आपण कापसावर पाणी मारतो, हे आपल्याला माहीत आणि त्यालाही माहीत. तो पुढच्या दारानं येतो, बाही वर करून खांद्यापर्यंत हात कापसात घालतो, ओल लागते का पाहतो. म्हणून शहाणा माणूस पुढं पाणी मारत नाही. मागची दोन कौलं काढतो आणि भिंतीच्या कडेनं सोडतो. पाणी हळूहळू खाली उतरतं. सकाळी काटा होतो, कापूस गाडीत पडतो, दुपारपर्यंत वारं लागून कोरडा. कोणाचं काही बिघडत नाही.

दुसऱ्या दिवशी गोवर्धनशेठ आलाच नाही. भाव आणखी पडला होता. त्यानं माणसाबरोबर सांगितलं, या भावात देत असशील तर बोल. अन्सार चिडला. "नाई देत," म्हणाला. पाणी आत राहिलं. ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं? सगळेच मारतात.

बारावीचा निकाल लागला, पोरगी पास झाली. आणि जूनच्या तोंडावर उत्तमराव सर सायकल मारत आले. कोरड्या उन्हात तोंड सुकून गेलेलं. ओसरीवर बसले, गुळाचा खडा तोंडात टाकला, पाणी प्याले.

"अमरावतीच्या कॉलेजातल्या सरांशी बोललो," म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बोलावलं आहे. जागा थोड्या, पोरं फार. ते म्हणाले, गुणपत्रक सगळेच आणतात, मला हात पाहायचा आहे. हिचं सगळं काम घेऊन ये म्हणाले. आज्याचं ते चित्र नक्की आणा, मी त्याच्याविषयी बोललो आहे."

गजालानं बापाकडे पाहिलं. बापानं मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार दिसत नव्हतं. चौकटीत पांढरी भिंत होती.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"आत हाय," नसीमबानो म्हणाली.

आता कोणी म्हणेल, काढायचा कापूस बाहेर, घ्यायची पिशवी, पुन्हा भरायचा. तसं होत नाही. तुडवलेला कापूस एकदा मोकळा झाला की तिपटीनं फुगतो. पुन्हा मावत नाही. बाहेर ठेवायचा कुठं? आभाळ भरून यायचे दिवस. कापूस काढणं म्हणजे विकणं, आणि विकणं म्हणजे गोवर्धनशेठ म्हणेल तो भाव. आठ महिने अंग खाजवून धरलेला कापूस.

"आठ दिस थांब," अन्सार म्हणाला. "सरकीचा भाव चढून राह्यला म्हनते. कापूसबी चढंल."

"अब्बा, बुधवारी जायाचं हाय."

"मंग नवे काढ! तुह्या हातात हाय ना ते? हात त कापसात नाई!"

पोरीनं नवी काढायला घेतली. ओसरीवर पाट टाकून बसली. मी दोन दिवस येता-जाता पाहिलं. बकरी काढली, आई काढली. काढलं की बाजूला सारायची. आज्या पुन्हा काढायला बसली, पण येईना. कान यायचा, कमान यायची, माणूस यायचा नाही. "तवा आठोत होता," ती मला म्हणाली. "आता मले त्याचं चित्रच आठोते, तो नाई आठोत."

सोमवारी दुपारी बाप वावरात आहे असं पाहून ती कापसात शिरली. चौकटीच्या वरच्या बाजूनं, जिथं ती स्वतः तुडवायला शिरायची. पण आता कौलांपर्यंत जागा नव्हती. भिंतीच्या कडेनं हातांनी कापूस मागं ढकलत, सरपटत. कंबरेला नाडा बांधला होता आणि त्याचं टोक आईच्या हातात. जरा वेळानं नाडा हलेना. नसीमबानोनं हाक मारली, ओ आली नाही. तिनं बोंब ठोकली तेव्हा मी धावलो, आणि वावरातून अन्सार आला तो पायात काटा मोडलेला तसाच. तो आत घुसला. पोरीचे पाय सापडले ते धरून ओढली. बाहेर आली तेव्हा तोंड निळं, नाकात कापूस, तोंडात कापूस. आईनं बोटं घालून काढला. पोरगी खोकली, ओकली, आणि मग श्वास घेतला.

अन्सार खाली बसला. पोरीचे पाय अजून धरलेलेच होते. त्यानं ते सोडले नाहीत.

"हात लागला होता मले," गजाला म्हणाली. "पिशवीले. गरम लागली."

अन्सारनं तिच्याकडे कसं पाहिलं ते मला सांगता येणार नाही. एवढं खरं, की तो तसाच उठला आणि लंगडत गोवर्धनशेठकडे गेला. भाव विचारला नाही. "उद्या ने," म्हणाला.

मंगळवारी सकाळी गाडी लागली. आम्ही सगळे शेजारी मदतीला. फडक्यांत बांधून गाठोडी बाहेर काढायची, काट्यावर टाकायची, गाडीत फेकायची. पुढचा कापूस पांढराशुभ्र. अन्सार सगळ्यात आत, मागच्या भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं, पिशवी आपणच काढून पोरीच्या हातात द्यायची म्हणून घाई करतो आहे. आता वाटतं, आपल्या आधी तिथं कोणी पोचू नये म्हणून करत होता.

भिंत जवळ आली तसा वास आला. कुबट, आंबूस, गरम. कापूस मोकळा येईना, ढेकळांनी यायला लागला. पिवळा, मग तपकिरी. काही ढेकळांत सरकीला मोड फुटलेले. गोवर्धनशेठनं एक ढेकूळ फोडून नाकाशी नेलं, हसला, आणि काट्यापासून बाजूला टाकलं. "हे कवडीत, रद्दी मालात जाईल अन्सारभाई," म्हणाला. आणि मग हळूच, "पाणी जरा जास्त झालं." सगळ्यांना ऐकू गेलं.

पिशवी खुंटीवरच होती. पिशवीचं कापड कापसाला चिकटलेलं, कापूस कापडाला. गजालानं ती दोन्ही हातांवर आडवी घेतली, जसं झोपलेलं पोर घेतात, आणि अंगणात आणून तोंड उघडलं.

कागद राहिला नव्हता, लगदा होता. पुठ्ठ्यांना बुरशी. रंग मात्र गेले नव्हते. ते कापडातून बाहेर उतरले होते, कापसात. भिंतीकडच्या ढेकळांवर निळं पसरलेलं, कुठं गेरू, कुठं हळद. एका ढेकळावर बाईच्या लुगड्याची हिरवी कड ओळखू येत होती. दुसऱ्यावर नुसता लाल डाग.

अन्सार लगद्यात हात घालून शोधायला लागला. आम्हाला कळलं तो काय शोधतो आहे. एक तुकडा त्याच्या हाताला लागला, त्यावर कोळशाची एक कमान होती. उचलला तसा तो दोन बोटांत विरघळला. अन्सारनं मूठ मिटली.

"अब्बा," गजाला म्हणाली, "पानी मारलं होतं?"

"सगळेच मारते बाई," अन्सार म्हणाला.

"मंग मले सांगाचं होतं ना. म्या पिशवी काहाडली असती."

रागानं नाही म्हणाली. चहात साखर टाकायची राहिली की म्हणतात तसं म्हणाली. अन्सार मूठ तशीच ठेवून गाडीमागं गेला आणि बराच वेळ आला नाही. काटा आम्हीच पाहिला.

इथं मी थांबलो. मास्तर हसत नव्हते. त्यांच्या हातातल्या चहावर साय धरली होती. नसीमबानो धुतलेले ग्लास पुन्हा धूत होती.

"मग?" मास्तरांनी विचारलं. "गेली का ती अमरावतीला?"

"जाईन नाई त!" मी म्हणालो. मला ती सगळी शांतता आवडत नाही. "तुमाले काय वाटलं, पिंजाऱ्याची नात हाय ते! बुधवारी सकाळी उठली, तो रंग लागलेला सारा कापूस आईच्या एका चादरीत बांधला, आन् याच फाट्यावरून गाडीत बसली. म्याच हात दाखवला गाडीले. अमरावतीले कॉलेजात गेली. सगळ्यांजवळ मोठमोठ्या फायली, हिच्याजवळ गाठोडं. पोरं हसली. शिपाई म्हने, गादी भराची असंन त मांगच्या गल्लीत जा. हे गेली सीधी आत, टेबलावर गाठोडं सोडलं. मोठे सर उठले. चष्मा घातला. एक ढेकूळ उचलून खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. बराच वेळ पाहत राह्यले. मंग इचारलं, बाई, हे तुनं कसं केलं?"

"आणि?" मास्तर पुढं सरकले.

"हिनं सांगितलं. आठ महिने कापसात ठेवलं, म्हने. सर म्हनाले, बाकीच्या पोरायले सांगा घरी जा, माही एक जागा भरली."

मास्तरांच्या तोंडावर पुन्हा हसू आलं. मला बरं वाटलं. माणूस हसला की मला पुढचा रस्ता आपोआप दिसतो.

"डिप्लोमा झाला. उत्तमराव सरायनं सोता पेढे वाटले. आज बडनेऱ्याले हाय. रेल्वे लाइनीच्या पलीकडं मोठी शाळा हाय, तठी चित्रकलेची बाई. दारावर पाटी हाय, नाव सोताच्या हातानं रंगवलं. शनिवारी पोरायले घेऊन टेशनावर जाते, म्हनते, काढा, जे दिसंल ते काढा. फुलदानी काढली त छडी मारते. अन्सार दर महिन्याले जाते भेटाले. पोरं त्याले सलाम करते, बाईचे अब्बा आले म्हनते."

"बडनेऱ्याला?" मास्तर म्हणाले. "माझं घर तिथलंच आहे हो, जुन्या वस्तीत. लाइनीपलीकडं कोणती शाळा? माझी बहीण तिकडंच शिकवते, ओळखत असेल."

आता बडनेऱ्यात किती शाळा आहेत, कोणती लाइनीच्या कुठल्या बाजूला, मला काय माहीत? पण मी असा अडत नाही. अशा वेळी मी नसीमबानोकडे पाहतो. मी म्हणालो, "नाव काय बरं त्या शाळेचं, नसीमबानो? माह्या तोंडात येऊन राह्यलं."

तिनं हातातला ग्लास फळीवर पालथा ठेवला. पदराला हात पुसले.

"खोटं हाय," ती म्हणाली.

"काय?" मास्तर.

"ते अमरावतीले गेलीच नाई. बुधवारी गाडी आली, थांबली, गेली. ते अठीच उभी होती. मंग घरी येऊन तिनं मागची खोली सारवली. दुसऱ्या दिसापासून माह्यासंगं निंदाले येऊ लागली. आता सुरतले हाय नवऱ्यासंगं. साड्यायवर खडे चिकटोते, दिवसभर, मान खाली घालून." मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता. "आबाजी, तुमी दरवेळी तिले मास्तरीन करता. तुमचं काय, गाडी आली की तुमी उठता. मंग घरी जाऊन ते मास्तरीन मले एकटीलेच मोडा लागते."